शपथपत्रात नसलेला रकाना

प्रति,
मराठवाड्यातून विधानसभेवर निवडून गेलेले सर्व 46 सदस्य, पक्ष कोणताही असो.

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. जन्म कळंब तालुक्यातला, नोकरी सगळी केज-धारूरच्या डोंगरपट्ट्यात. 37 वर्षांत किती निवडणुका केल्या ते मोजलं नाही. तुम्ही निवडणूक लढवता, आम्ही मास्तर लोक ती 'करतो', आमच्यात शब्दच तसा आहे. ज्या वर्गात सकाळी बाराखडी म्हणून घेतली, त्याच वर्गात संध्याकाळी बाकं भिंतीला लावायची, पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा आणि रात्री तिथंच सतरंजीवर पडायचं. तुमची मतं अशी आमच्या उशाशी झोपलेली असतात.

नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत पहिल्यांदाच मी रिकामा होतो. पुतण्यानं मोबाइलवर उमेदवारांची शपथपत्रं काढून दिली आणि मी ती वाचत बसलो. सोनं किती तोळे, गाडी कुठल्या सालची, शेती किती, कर्ज कुठल्या बँकेचं, गुन्हे कुठल्या कलमाखाली, शिक्षण कुठवर, सगळं विचारलेलं. बायकोच्या अंगावरचे दागिनेसुद्धा. मास्तरला रकाने दिसले की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. वाचून झाल्यावर वाटलं की एक रकाना राहून गेलाय. वयाच्या पाचव्या ते अठराव्या वर्षापर्यंत उमेदवारानं काय पाहिलं, आणि ते पाहत असताना त्याच्या शेजारी कोण उभं होतं?

यातला पहिला अर्धा प्रश्न तुम्ही भाषणांत सोडवताच. अनवाणी तुडवलेली शाळेची वाट, मायनं मोडलेलं मंगळसूत्र, कंदिलाखालचा अभ्यास, सगळं ऐकलंय. खोटं म्हणत नाही. माझ्या पिढीतल्या कुणालाही मराठवाड्यात हे सांगता येतं, त्यासाठी आमदार व्हावं लागत नाही. पण गरिबी पाहिलेला माणूस गरिबाचा होतो, हे गणित मी आयुष्यभर ताडून पाहतोय आणि उत्तर काही जुळत नाही. म्हणून हे पत्र.

1972 साली मी आठ वर्षांचा होतो. गावाजवळ दुष्काळी काम निघालं होतं. माय खडी फोडायला जायची. कामाच्या कडेला एक लिंबाचं झाड होतं आणि त्याच्या सावलीत आम्ही लेकरं. मोठ्या बायका तान्ही पोरं आमच्या हवाली करून जायच्या. त्यातले आम्ही तिघं रोजचे. एक मी. दुसरा आमच्याच गल्लीतला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, अक्षर मोत्यासारखं. तिसरा माझ्या वर्गातला, गावाबाहेरच्या वस्तीतला, तेव्हा त्या वस्तीला काय म्हणत ते तुम्हाला माहीत आहे. दुपारी सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची. घरी मिलो नावाच्या लाल ज्वारीची भाकरी, अमेरिकेहून आलेली. तिघांच्या तोंडात एकच चव, तिघांच्या पायाला एकच खडी. फरक एवढाच की तिसऱ्याला सुकडी वेगळ्या ओळीत मिळायची आणि पाणी वरून ओतलेलं. आम्हाला त्यात काही खटकत नव्हतं. हे आज लिहिताना खटकतं, तेव्हा नाही.

मोठ्याचं अक्षर चांगलं म्हणून हजेरी मांडणारा कारकून त्याला जवळ बसवून मस्टरवर नावं लिहून घ्यायचा. त्याबद्दल सुकडी जास्त. एका आठवड्यात तो पळत लिंबाखाली आला, चेहरा फुललेला. गावातली एक म्हातारी उन्हाळ्याआधीच गेली होती, तिचं नाव त्यानं मस्टरवर पाहिलं होतं. हजर. मग कारकुनानं त्याला गुपित सांगितलं होतं, आणि त्यानं ते आम्हाला सांगितलं, "आरं, नाव लिवलं की पैसा येतोय. माणूस लागतच न्हाई."

दहा वर्षांच्या पोराला सरकार कसं चालतं याचा हा पहिला धडा मिळाला. शिकवणारा प्रेमळ होता, वर खाऊही देत होता. ते पोर पुढे ठेकेदार झालं, पंचायत समितीवर गेलं, आज त्याच्याकडे टँकर आहेत. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी त्याला सहज म्हणालो, तू लिंबाखाली तहानेनं रडलेला आहेस, खेपा तरी नीट टाक. तो हसला. "मास्तर, तहान काय असती ते मला शिकवू नको. म्हणून तर मला धंदा कळला."

तो वाईट माणूस नाही. माझी माय शेवटची आजारी होती तेव्हा रात्री दोन वाजता गाडी त्यानंच काढली आणि डिझेलचे पैसे घेतले नाहीत. पण टँकरला जीपीएस लावायची वेळ सरकारवर का आली, हे त्याला विचारा, तो तुम्हाला मस्टरपासून सांगू शकेल.

आता तिसरा. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला. पुढे काय झालं ते तुमच्यातल्या वयस्कांना आठवत असेल, तरुणांना कुणी नीट सांगितलेलं नसेल. गावोगावच्या दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना मारलं. त्या वेळी मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या गावात ज्या गल्लीतून माणसं काठ्या आणि रॉकेल घेऊन निघाली ती माझीच गल्ली. वडील गेले नाहीत. पण त्यांनी कुणाला अडवलंही नाही. दार लावून घेतलं आणि मला म्हणाले, "झोप." मी खिडकीच्या फटीतून उजेड पाहिला. आधी मला ती होळी वाटली, आणि होळी तर फाल्गुनात असते हे लक्षात यायला थोडा वेळ गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो वर्गात नव्हता. त्यांचं कुटुंब गाव सोडून गेलं होतं. आमचे हेडमास्तर मराठी शिकवायचे, कडक होते, घाबरट नव्हते. रोज हजेरी घेताना ते त्याचं नाव घ्यायचे. मोठ्यानं. मग थांबायचे. नेहमीच्या गैरहजर पोरांसाठी ते थांबत नसत, याच्यासाठी थांबायचे. वर्गात चिडीचूप. नंतर "गैरहजर" असं स्वतःच म्हणून पुढचं नाव. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, तो येत नसतो आता." हेडमास्तर म्हणाले, "ते मला माहीत आहे. तो का येत नाही ते तुला माहीत आहे का?" बस्स. यावर त्यांनी कधी भाषण दिलं नाही. मारलंही नाही. दिवाळीपर्यंत रोज ते नाव आणि रोज तो थांबा.

माझं जे काही राजकारण आहे ते त्या थांब्यातून आलेलं आहे. कामावर नसलेल्या माणसाला मस्टरवर हजर मांडणारा एक आणि वर्गात नसलेल्या पोराचं नाव मोठ्यानं घेणारा एक, असे दोन मास्तर एकाच गावात होते. मला योगायोगानं दुसरा भेटला. माझ्या मित्राला पहिला. यात माझं कर्तृत्व नाही आणि त्याचा गुन्हाही निम्माच.

तो तिसरा मित्र मला फार पुढे, 1994 च्या जानेवारीत भेटला. 14 तारखेला नामविस्तार झाला होता, सोळा वर्षांनी. तो मुंबईत नोकरीला होता, विद्यापीठाच्या गेटवर डोकं टेकवायला आला होता आणि परतताना बसस्टँडवर योगायोगानं गाठ पडली. मी मोठ्या अभिमानानं त्याला हजेरीची गोष्ट सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली. मग विचारलं, "किती दिवस घेतलं नाव?"

मी म्हणालो, दिवाळीपर्यंत.

"आणि दिवाळीनंतर?"

दिवाळीनंतर नियमाप्रमाणे पटावरून नाव कमी केलं होतं. सतत गैरहजर. मला ते सांगता आलं नाही, त्याला ते कळलं. त्यानं चहाचे पैसे दिले आणि गाडीत बसला. तेव्हापासून मी ही गोष्ट सांगताना शेवटही सांगतो.

माझा पुतण्या पुण्यात राज्यशास्त्र शिकला. तो म्हणतो यावर अमेरिकेत साठ वर्षांपूर्वीच अभ्यास झालाय. ईस्टन आणि डेनिस नावाच्या दोघांनी पाहिलं की लहान पोराला सरकार पहिल्यांदा दोन माणसांत दिसतं, एक पोलीस आणि दुसरा राष्ट्राध्यक्ष. जेनिंग्ज आणि निमी यांनी 1965 साली शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं आणि त्यांचे आईबाप घेतले, त्याच मुलांना पुढे मोठेपणीही पुन्हा पुन्हा विचारलं. पक्ष पोरं बऱ्यापैकी घरातून उचलतात, पण बाकीच्या प्रश्नांवरची मतं आईबापांसारखीच निघतील असं नाही. मला हे ऐकून बरं वाटलं, म्हणजे घराच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला जागा आहे. पण पोलीस आणि राष्ट्राध्यक्ष आपल्याकडे चालणार नाही. आमच्या लेकराला सरकार पहिल्यांदा भेटतं टँकरवर चढून पाइप धरलेल्या माणसात. शाळेतल्या खिचडीत. तलाठ्याच्या बंद दारात. आणि ऊसतोडीच्या घरातलं असेल तर मुकादमात.

मुकादमावर येतोच. त्याआधी माझ्या वडलांची गोष्ट सांगतो, कारण एकाच गावात दोन बालपणं असतात हे आपण विसरतो.

1948 साली वडील दहा वर्षांचे. रझाकारांच्या भीतीनं गाव उठून बार्शीकडे, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर गेलं होतं. रात्री चालायचं, दिवसा ज्वारीत लपायचं. तेरा सप्टेंबरला फौजा शिरल्या, सतराला निजाम शरण आला, आणि वडील आजोबांच्या खांद्यावर बसून गावात परतले. त्यांच्या मनात सरकार म्हणजे ती लष्कराची गाडी. गणवेशातला माणूस चुकू शकतो हे त्यांना मरेपर्यंत पटलं नाही. आणीबाणीतही नाही.

वडलांचे जिवलग दोस्त एक पिंजारी चाचा होते. वय तेच, दहा. त्यांची आठवण सतरा तारखेला संपत नाही, तिथून सुरू होते. पुढच्या दिवसांत त्यांचे वडील मारले गेले. मारणारे रझाकार नव्हते, आसपासच्या गावांतलेच लोक होते. सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं त्या काळात किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. चाचांना अहवालाची गरजही नव्हती. दर सतरा सप्टेंबरला ग्रामपंचायतीसमोर झेंडा चढायचा, वडील इस्त्रीचं धोतर नेसून जायचे, आणि चाचा त्या दिवशी गादी पिंजायला शेजारच्या गावात गेलेले असायचे. वडलांनी त्यांना कधी विचारलं नाही. दोघं रोज संध्याकाळी एका पारावर बसत, तरी या विषयावर पन्नास वर्षांत एक शब्द झाला नाही.

चाचांचा मुलगा हुशार होता. गावानं त्याला बिनविरोध उपसरपंच करायचं ठरवलं, सगळ्यांच्या मनातून. चाचांनी हात जोडले. "नजरेत येऊ नको," एवढंच मुलाला म्हणाले. मुलानं ऐकलं. आज तो पुण्यात गादी कारखान्यात पर्यवेक्षक आहे. नेतृत्वाची हौस कशी येते यावर पुष्कळ बोललं जातं. ती एका घरात दुसऱ्या पिढीतही मारून कशी टाकली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आता माझी शाळा. जिल्हा परिषदेच्या शाळांत शालेय मंत्रिमंडळ असतं, तुमच्यातले काही त्यातूनच गेले असाल. जुलैत निवडणूक घ्यायची, चिठ्ठ्या, मतपेटी म्हणून बुटाचं खोकं, बोटाला निळी शाई. मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, पाणीमंत्री, पोषण आहार मंत्री. नव्वदच्या सुमारास एका मुलीनं भाषणात सांगितलं होतं, "मला पाणीमंत्री केलं तर रांजण रोज धुईन आणि आत बेडूक निघाला तर सरांना सांगीन." ती निवडून आली आणि वर्षभर खरोखर बेडूक दाखवायला ऑफिसात येत राहिली. एकदा केंद्रप्रमुख बसलेले असताना.

2018 च्या निवडणुकीत सहावीतल्या एका पोरानं मधल्या सुट्टीत बिस्किटाचे पुडे वाटले. पाच रुपयेवाले. मी सगळ्यांना ओळीत बसवलं आणि समजावलं की बिस्किटं खाल्ली तर खाल्ली, मत आपल्या मनानं द्यायचं, चिठ्ठीवर कुणाचं नाव लिहिलं ते कुणालाच कळत नसतं. मला वाटलं लोकशाही शिकवली. तेवढ्यात एक मुलगी उभी राहिली. आईबाप दर वर्षी पश्चिमेकडच्या कारखान्याला जाणारे, ही दोन हंगाम फडावर राहून आलेली. ती म्हणाली, "असं कसं सर? उचल घेतल्यावर जावंच लागतंय."

शहरात वाढलेल्या सदस्यांसाठी सांगतो, कारण 46 मध्ये तेही आहेत आणि त्यात त्यांचा दोष नाही. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम त्या कोयत्याला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. लग्न, दवाखाना, किराणा, सगळं तिच्यावर भागतं. मग दसरा-दिवाळीला टोळी निघते आणि ऊस संपेपर्यंत ती उचल अंगावर फिटते किंवा पुढच्या साली चढते. घेतलेल्या पैशाला जागणं ही त्या घरातली सगळ्यात मोठी नीती आहे. बापानं मार खाल्ला पण उचल बुडवली नाही, हे त्या मुलीनं पाहिलेलं. मी तिला सांगत होतो की घे आणि जागू नको. तिच्या हिशेबात मी तिला बेइमानी शिकवत होतो.

मतदारांना पैसे वाटताना तुमच्यापैकी कुणी असेल तर (नसालच, मी उदाहरण म्हणून म्हणतो) हे लक्षात घ्या. तुम्हाला वाटतं लोक लाचार आहेत. लोकांना वाटतं आपण शब्दाला जागतोय. आणि हे आम्ही नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून पुसू शकत नाही, कारण त्या पुस्तकाच्या आधी लेकरू फडावर पाचटाच्या कोपीत झोपून आलेलं असतं. तिथं तिच्या शेजारी उभा असलेला मोठा माणूस मुकादम असतो. त्यानं सांगितलेला अर्थ आधी पोचतो, माझा नंतर.

म्हणून हंगामी वसतिगृहाची माझी जुनी कटकट. आईबाप कारखान्याला गेले तरी लेकरू गावात राहून शिकावं म्हणून ही योजना आहे. चांगली आहे. पण माझ्या सगळ्या नोकरीत मी ते वसतिगृह टोळ्या निघायच्या आधी सुरू झालेलं पाहिलं नाही. मंजुरी यायची तेव्हा वर्ग निम्मा रिकामा झालेला असायचा. गेलेलं लेकरू वसतिगृहासाठी परत येत नाही, ते उसाचे वाढे गोळा करायला लागलेलं असतं. तुम्ही 46 जण मिळून काही मागणार असाल तर हे मागा. नवी योजना नको. आहे तीच दसऱ्याच्या आत.

बिस्किटवाला पोरगा निवडून आला, हे सांगायचं राहिलं. चांगला मुख्यमंत्री निघाला तो. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर वहीच्या चार पानांना चिकटवून केलेला फलक लागला होता, "भावी सरपंच". खाली शुभेच्छुक म्हणून सात नावं. सातही एकाच गल्लीतली.

निजामाच्या राज्यात 1938 साली औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातल्या मुलांनी वंदे मातरम् म्हटलं, तिकडे हैदराबादलाही म्हटलं, काढून टाकलं गेलं आणि कितीतरी जण नागपूरला जाऊन शिकले. नरसिंह राव त्यातलेच. 1974 चं मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनीच रस्त्यावर आणलं. अंबाजोगाईच्या कॉलेजनं मुंडे-महाजनांची जोडी दिली. विलासराव आधी बाभळगावचे सरपंच होते, मग पुढचं सगळं. म्हणजे पोराच्या अंगातल्या हौसेला चढायला काहीतरी शिडी होती. कॉलेजातल्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. कारण होतं, हाणामाऱ्या होत होत्या, खूनही झाला होता. पण शिडी काढली तरी हौस कुठं जाते? ती चौकातल्या फ्लेक्सवर जाते. आता गल्लीतला दहावीचा पोरगा तुमच्या वाढदिवसाच्या फलकावर पासपोर्ट फोटोएवढा दिसतो आणि त्याला वाटतं आपण राजकारणात आलो. तुमच्या फोटोचा आकार आणि त्याच्या फोटोचा आकार, यात तो आयुष्यभराचा हिशोब मांडतो.

आणि आता सगळ्यात अवघड.

निवृत्तीनंतर मी आठवड्यातून दोन दिवस जुन्या शाळेत वाचन घ्यायला जातो. 1 सप्टेंबर 2023 ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलनावर लाठीमार झाला, त्यानंतरच्या दोन वर्षांत गावांचं काय झालं ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. मागण्या खऱ्या आहेत, दोन्ही बाजूंच्या. शेती तुटत गेलेल्या मराठा घरातला पोरगा आणि हातातली जागा जाईल म्हणून धास्तावलेला ओबीसी घरातला पोरगा, दोघंही माझ्याच वर्गात होते. मी इथं त्या वादाचा निकाल देत नाही. मला फक्त पाचवीच्या वर्गात काय दिसलं ते सांगायचंय. पोरं सतरंजीवर बसायची तशीच बसली होती, पण मध्ये एक हात जागा मोकळी. मी विचारलं, ही जागा कुणाची? एक पोरगा सहज म्हणाला, "इकडं आमचे, तिकडं त्यांचे." आणि मग मला, प्रेमानं, "सर, तुम्ही कुणाकडून?"

2025 साली बीड जिल्ह्यात पोलिसांच्या पाट्यांवरून आडनावं काढली, फक्त नाव ठेवलं. ठीक आहे. पण पोरांना आडनाव पाटीवरून कळत नाही. ते त्यांना तुमच्या सभेतून कळतं, रात्री मोबाइलवर फिरणाऱ्या तुमच्या क्लिपमधून कळतं. तुमच्यातले किती जण गावात एक बोलले आणि बंद खोलीत दुसरं, हे लेकरांना कळत नाही. त्यांना फक्त गावातलं ऐकू येतं. तुम्ही विसराल, युती बदलाल, एका व्यासपीठावर याल, हारही घालाल. पण ते लेकरू तेव्हा दहा वर्षांचं होतं. माझे वडील 1948 मध्ये दहाचे होते, चाचाही दहाचे, आणि माझा मस्टर लिहिणारा मित्रही दहाचाच.

शंकरराव चव्हाणांना लोक हेडमास्तर म्हणायचे. काही जण आदरानं, बरेच वैतागून. पैठणला जन्मलेल्या त्या माणसानं पैठणच्या धरणाचा ध्यास धरला. जायकवाडीचं मूळ त्यांच्या बालपणात होतं असं मी म्हणणार नाही, चरित्रं नेहमी उलटीकडून लिहिली जातात आणि मग सगळंच जुळतं. माझं हे पत्रही त्याला अपवाद नसेल. लिंबाखाली आणखी दहा-बारा लेकरं होती, ती ना टँकरवाली झाली ना मास्तर, साधी शेती करतात आणि मी त्यांच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही.

तर विनंती एवढीच. येत्या 17 सप्टेंबरला झेंडा झाल्यावर तुमच्या मतदारसंघातल्या एका शाळेत एक तास बसा. ज्यांचं नाव त्या दिवशी भाषणात घेता ते स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरीत शिकवणारे मास्तरच होते, त्यामुळे यात काही कमीपणा नाही. हार नको, नारळ नको, माइक नको. सतरंजीवर बसायचं. पोरांना तुमच्या लहानपणची एक गोष्ट सांगायची, पण भाषणातली ठेवणीतली नको. लहानपणी तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत जे वाईट झालं आणि तुमच्या घरानं दार लावून घेतलं, ते सांगा. शेजारी कोण उभं होतं आणि ते काय म्हणालं, तेही. मग पोरांना प्रश्न विचारू द्या. ती विचारतील. काही प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे नसतील, तेव्हा तसं म्हणा, पोरं हसत नाहीत, मी अनुभवानं सांगतो.

आणि त्या मोकळ्या सोडलेल्या हातभर जागेत बसा. ती अजून तशीच आहे.

आमच्या शाळेत यायचं असेल तर शाळा दहाला भरते. गाड्यांचा ताफा बाहेर रस्त्यावर थांबवा, पटांगणात लेकरं पळत असतात. आत येताना हजेरी चालू असली तर जरा थांबा.

कळावे,
आपला एक मतदार आणि निवृत्त शिक्षक